‘मग गाडी हलतेच कशी?’ : नववीच्या वर्गातील क्रिया-प्रतिक्रिया बलांचे एक प्रकरण

राज्य मंडळाच्या नववीच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ या पाठ्यपुस्तकातील पहिलाच धडा ‘गतीचे नियम’ हा आहे. त्यामुळे शाळा उघडून महिना होतो न होतो तोच न्यूटनचा तिसरा नियम फळ्यावर येतो. नियम एका ओळीत मावतो, मुले तो दोन दिवसांत पाठ करतात, परीक्षेत तो जसाच्या तसा उतरवतात आणि त्याचे गुणही मिळवतात. असे असूनही बलविषयक संकल्पनांपैकी सर्वांत जास्त गैरसमज याच नियमाभोवती साठलेले असतात, असे माझे अनेक वर्षांच्या अध्यापनानंतरचे मत आहे. येथे मांडलेले प्रकरण ऊसपट्ट्यातील एका गावच्या माध्यमिक शाळेतील एका वर्गाचे आहे. एका विद्यार्थ्याने विचारलेला प्रश्न, त्याला मी दिलेले अपुरे उत्तर आणि ती अपूर्णता भरून काढण्यासाठी पुढील चार तासिकांत वर्गाने व मी मिळून केलेले काम, एवढाच त्याचा विषय आहे.

प्रसंग

नियम सांगून झाला होता. भिंतीला हात लावून ढकलणे, होडीतून काठावर उडी मारणे, फुगवलेला फुगा सोडून देणे ही नेहमीची उदाहरणेही झाली होती. तेव्हा मागच्या बाकावरील एक विद्यार्थी उभा राहिला. त्याच्या घरी बैलजोडी आहे आणि गाळप हंगामात त्याचे वडील कारखान्यावर उसाची गाडी नेतात, हे मला ठाऊक होते. तो म्हणाला, “बाई, बैल गाडीला ओढतो आणि गाडीबी बैलाला तेवढ्याच जोरानं मागं ओढती म्हणता. मग गाडी हलायलाच नको की.”

मी त्याला पुस्तकी उत्तर दिले. ही दोन्ही बले दोन वेगवेगळ्या वस्तूंवर असतात, एक गाडीवर आणि दुसरे बैलावर, म्हणून ती एकमेकांना रद्द करत नाहीत, असे मी सांगितले. या उत्तरात चूक काहीच नाही. मात्र त्या मुलाने क्षणभर विचार करून पुढचा प्रश्न विचारला आणि त्या प्रश्नाने माझे उत्तर किती तोकडे होते हे उघड झाले : “बरं, गाडी पुढं गेली. पण बैलाचं काय? त्याला तर गाडी मागंच ओढती. त्यो पुढं कसा जातो?”

तास संपल्याची घंटा झाली आणि या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या दिवसावर गेले. ते एका परीने बरेच झाले. त्याच वेळी घाईने उत्तर दिले असते, तर प्रश्न संपला असता आणि वर्गाच्या मनातील गोंधळ मात्र तसाच राहिला असता. येथे हेही नोंदवले पाहिजे की हा प्रश्न नवा नाही. 1687 साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रिन्सिपिया’ ग्रंथात तिसऱ्या नियमाखाली न्यूटनने स्वतः दिलेल्या उदाहरणांपैकी एक दोराने दगड ओढणाऱ्या घोड्याचे आहे : घोडा दगडाला ओढतो तितकाच तो दगडाकडे मागे ओढला जातो. आमच्या वर्गात घोड्याच्या जागी बैल आणि दगडाच्या जागी उसाची गाडी आली, एवढाच फरक.

वह्यांमध्ये काय सापडले

त्या आठवड्यात मी गृहपाठ म्हणून तिसऱ्या नियमाची रोजच्या व्यवहारातील दोन उदाहरणे लिहून आणायला सांगितली होती. त्या वह्या मी या प्रश्नाच्या उजेडात पुन्हा वाचल्या. उदाहरणे तीन प्रकारची होती आणि तिन्ही प्रकार शिक्षकाने थांबून पाहावेत असे आहेत.

पहिल्या प्रकारात भाषेने मुलांना फसवले होते. ‘जशास तसे’, ‘पेरावे तसे उगवते’, गोळी घेतल्यावर अंगावर आलेले पुरळ, कोणी शिवी दिली म्हणून दिलेली शिवी, ही उदाहरणे मुलांनी मनापासून लिहिली होती. मराठीत प्रतिक्रिया हा शब्द आपण नेहमी ‘नंतर’ या अर्थाने वापरतो. कोणी काही बोलतो, मग त्यावर प्रतिक्रिया उमटते. आधी एक, मागाहून दुसरे. एक कारण, दुसरे त्याचे फळ. भौतिकशास्त्रातील जोडीत असा क्रम मुळीच नसतो. दोन्ही बले एकाच क्षणी निर्माण होतात, एकाच क्षणी संपतात आणि त्यांपैकी कोणाला क्रिया म्हणायचे व कोणाला प्रतिक्रिया, हे सर्वस्वी आपल्या सोयीवर असते. न्यूटनच्या मूळ लॅटिन विधानाला दोन भाग आहेत. पहिल्या भागात क्रिया आणि प्रतिक्रिया हे शब्द आहेत, तर दुसऱ्या भागात दोन वस्तूंच्या एकमेकींवरील क्रिया नेहमी समान आणि विरुद्ध दिशांना असतात, असे म्हटले आहे. वर्गात आपण बहुधा पहिल्या भागाचेच पाठांतर करून घेतो. नियमाचा खरा अर्थ मात्र दुसऱ्या भागातील ‘एकमेकींवरील’ या शब्दात आहे, आणि शिकवताना भर त्यावरच हवा असे मला वाटते.

दुसऱ्या प्रकारात बलाऐवजी घटना लिहिलेल्या होत्या. ‘चेंडू भिंतीवर आदळणे ही क्रिया आणि तो परत येणे ही प्रतिक्रिया’, ‘बंदुकीतून गोळी सुटणे ही क्रिया आणि बंदूक मागे येणे ही प्रतिक्रिया’ अशी वाक्ये अर्ध्याहून अधिक वह्यांमध्ये होती. ही वाक्ये इतक्या ठिकाणी छापलेली आढळतात की मुलांना दोष देता येत नाही. पण गोळी सुटणे हे बल नाही आणि बंदूक मागे येणे हेही बल नाही; हे दोन्ही बलांचे परिणाम आहेत. बंदुकीने गोळीवर पुढच्या दिशेने लावलेले बल आणि गोळीने बंदुकीवर मागच्या दिशेने लावलेले बल ही खरी जोडी आहे. परिणामांनाच क्रिया-प्रतिक्रिया मानले, की ‘समान’ या शब्दाचा अर्थच उरत नाही, कारण गोळीचा वेग आणि बंदुकीचा मागे येण्याचा वेग समान नसतो हे कोणालाही दिसते.

तिसरा प्रकार सर्वांत चिवट. मोठी वस्तू जास्त बल लावते, बलवान माणूस जास्त ओढतो, ट्रकने सायकलला दिलेला धक्का सायकलने ट्रकला दिलेल्या धक्क्यापेक्षा मोठा असतो, ही ती समजूत. केवळ आपल्याकडच्या मुलांचीच ती आहे असेही नाही. 1992 साली अमेरिकेत हेस्टेनिस, वेल्स आणि स्वॅकहॅमर यांनी बलविषयक समजुती तपासण्यासाठी जी प्रसिद्ध प्रश्नावली तयार केली, तिच्यात मोठा ट्रक आणि लहान मोटार यांच्या समोरासमोरच्या धडकेचा प्रश्न मुद्दाम घातलेला आहे. लहान मोटारीचा चक्काचूर झालेला डोळ्यांना दिसतो, म्हणून तिच्यावरील बल मोठे असले पाहिजे असे मन सांगते. वास्तविक बल दोघांवर सारखेच असते. मोटारीचे वस्तुमान कमी असल्याने तिचे त्वरण जास्त होते.

व्हरांड्यातील दोन तासिका

ही समजूत व्याख्यानाने जाणार नाही हे उघड होते. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेतील दोन तानकाटे घेऊन मी त्यांचे आकडे एकमेकांत अडकवले आणि वर्गातील सर्वांत दणकट मुलाच्या व सर्वांत किरकोळ मुलीच्या हाती एकेक टोक दिले. ओढण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या वहीत अंदाज लिहायचा होता. बहुतेकांनी मुलाच्या काट्यावर मोठा आकडा दिसेल असे लिहिले.

प्रत्यक्षात मुलाच्या काट्यावर 6 न्यूटन आणि मुलीच्या काट्यावर 5.8 न्यूटन असे वाचन आले. लगेच दोघे-तिघे म्हणाले, “बघा बाई, तिचं कमी हाय.” प्रयोग फसतो तो अशा क्षणी, आणि शिक्षकाने ‘जवळपास सारखेच आहे’ असे म्हणून विषय पुढे नेला, तर मुलांची जुनी समजूत उलट पक्की होते. मी काट्यांची अदलाबदल करायला सांगितली. आता मुलाच्या हातात 5.8 आणि मुलीच्या हातात 6 आले. फरक माणसाबरोबर न जाता काट्याबरोबर गेला, कारण त्या एका काट्याचा दर्शक मोकळा असतानाही शून्याच्या किंचित खाली राहत होता. तो स्क्रू फिरवून शून्यावर आणल्यावर दोन्ही वाचने जुळली. मग एकाने फक्त धरून ठेवले आणि दुसऱ्याने ओढले. एक काटा खिडकीच्या गजाला अडकवला. शेवटी मुलाने मुलीचा हात काट्यासकट टेबलावरून आपल्याकडे सरकत आणला. हात सरकत असतानाही दोन्ही आकडे बरोबरीने वर-खाली होत राहिले. गज ‘ओढू’ शकतो, ही गोष्ट कित्येक मुलांना तेव्हा पहिल्यांदा पटली.

तरीही एक प्रश्न शिल्लक होता. बले समान असतील, तर रस्सीखेचीत कोणी तरी जिंकतो कसा? याचे उत्तर शोधण्यासाठी आम्ही शाळेच्या शहाबादी फरशीच्या व्हरांड्यात गेलो. तोच दणकट मुलगा खताच्या रिकाम्या प्लॅस्टिकच्या पोत्यावर उभा राहिला आणि समोर ती किरकोळ मुलगी अनवाणी उभी राहिली. दोर ताणला गेला तसा मुलगा पोत्यासकट तिच्याकडे घसरत गेला. त्याच्या दंडांत ताकद कमी नव्हती, दोरातील ताणही दोघांना सारखाच लागत होता. फक्त फरशीने त्याच्या पायांवर मागच्या बाजूला लावलेले घर्षणबल तुटपुंजे पडले होते. रस्सीखेचीत जिंकतो तो जास्त ओढणारा नव्हे, तर ज्याच्या पायांना जमीन जास्त साथ देते तो, हे मुलांनी स्वतःच्या तोंडाने सांगितले. बैलाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे सापडले होते, पण मी ते बोलून दाखवले नाही.

याच तासिकेत मुलांनी घरून आणलेल्या, जुन्या बेअरिंगच्या दोन फळीगाड्यांवर दोन मुले समोरासमोर बसली. एकाचे वजन दुसऱ्याच्या जवळजवळ दुप्पट होते. हलक्या मुलाने दोर नुसता पोटाशी घट्ट धरून ठेवला आणि जड मुलाने ओढला. दोन्ही गाड्या एकमेकींकडे निघाल्या, हलक्याची अधिक वेगाने. बेअरिंगमधील घर्षणामुळे मोजमापाला फारसा अर्थ नव्हता आणि आम्ही ते केलेही नाही. ओढणारा स्वतःही ओढला जातो, एवढे पाहणे पुरेसे होते.

‘ने’ आणि ‘वर’

तिसऱ्या तासिकेत मी एक साधा नियम घातला आणि या प्रकरणातून दुसऱ्या शिक्षकाने काही उचलायचे झाल्यास हाच उचलावा, असे मला वाटते. यापुढे वर्गात कोणीही ‘क्रिया’ किंवा ‘प्रतिक्रिया’ हे शब्द एकटे वापरायचे नाहीत. प्रत्येक बल पूर्ण वाक्यात सांगायचे : कशा‘ने’, कशा‘वर’, कोणत्या दिशेने. जोडीदार बल हवे असल्यास ‘ने’ आणि ‘वर’ यांच्या मागील नामांची अदलाबदल करायची आणि दिशा उलट करायची. मराठीच्या विभक्तीत ही सोय आयतीच आहे. ‘हाताने भिंतीवर डावीकडे’ याचे ‘भिंतीने हातावर उजवीकडे’ होते, आणि दोन्ही बले वेगवेगळ्या वस्तूंवर आहेत हे वेगळे सांगावे लागत नाही. ‘वर’च्या मागचे नाम बदललेले डोळ्यांना दिसतेच.

या नियमाची खरी परीक्षा टेबलावर ठेवलेल्या पुस्तकाने घेतली. पुस्तकाचे वजन खाली आणि टेबलाचा आधार वर, दोन्ही समान, दिशा विरुद्ध. म्हणून ही क्रिया-प्रतिक्रियेची जोडी, असे मुलेच काय, अनेक मोठी माणसेही सांगतात. वाक्ये लिहून पाहिली. ‘पृथ्वीने पुस्तकावर खाली’ याचा जोडीदार ‘पुस्तकाने पृथ्वीवर वर’ असा येतो. ‘टेबलाने पुस्तकावर वर’ याचा जोडीदार ‘पुस्तकाने टेबलावर खाली’ असा येतो. वजन आणि आधार ही दोन्ही बले ‘पुस्तकावर’ आहेत, म्हणजे ती एकमेकांची जोडीदार असूच शकत नाहीत. ती समान आहेत याचे कारण पुस्तक स्थिर आहे, आणि तो पहिल्या नियमाचा विषय आहे. वर जाणाऱ्या लिफ्टमध्ये तेच टेबल ठेवले, तर लिफ्ट वेग घेत असताना टेबलाचे बल वजनाहून जास्त होते. तिसऱ्या नियमाच्या दोन्ही जोड्या मात्र त्याही वेळी तंतोतंत समान राहतात.

रॉकेटचा विषय एका मुलीने काढला. रॉकेट हवेला मागे ढकलून वर जाते, अशी तिची समजूत होती. तसे असते तर अवकाशात, जेथे हवाच नाही, रॉकेट निरुपयोगी ठरले असते. 13 जानेवारी 1920 रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने संपादकीयात अमेरिकी रॉकेट-संशोधक रॉबर्ट गोडार्ड यांच्यावर नेमका हाच आक्षेप घेतला होता, आणि अपोलो 11 चंद्राच्या वाटेवर असताना, 17 जुलै 1969 रोजी, त्या वृत्तपत्राने आपली चूक मान्य केली. ‘रॉकेटने वायूवर खाली, वायूने रॉकेटवर वर’ हे वाक्य मुलीने स्वतः लिहिले आणि त्यात बाहेरची हवा कोठेच नाही हे तिच्या लक्षात आले.

पुन्हा बैलगाडी

चौथ्या तासिकेत त्या विद्यार्थ्यालाच फळ्याजवळ बोलावले. त्याने आधी मला दुरुस्त केले. बैल गाडीला ओढतो असे आपण म्हणतो खरे, पण जू वशिंडाच्या पुढे मानेवर असते आणि बैल वशिंड व मान रेटून जुवाला पुढे ढकलतो, असे त्याने सांगितले. हे निरीक्षण अचूक होते आणि त्यामुळे आकृतीत बल कोठे लागते हेही नेमके झाले. पहिली जोडी : ‘बैलांनी जुवावर पुढे, जुवाने बैलांवर मागे’. मग मी विचारले, बैलांना आणखी कोण कोण स्पर्श करते? वर्ग थोडा वेळ गप्प होता. उत्तर पोत्यावर घसरलेल्या मुलाकडून आले : “जमीन.” दुसरी जोडी : ‘बैलांनी जमिनीवर मागे, जमिनीने बैलांवर पुढे’. येथे त्या विद्यार्थ्याला स्वतःच आठवले की पावसाळ्यात चिखलात गाडी रुतली की बैल जोर लावूनही जागच्या जागी पाय घसरवतात, आणि हंगामाआधी त्यांच्या खुरांना पत्र्या मारतात त्या एरवी खूर झिजू नयेत म्हणून असल्या तरी डांबरी रस्त्यावर त्या गुळगुळीत झाल्या की बैल घसरतो.

यानंतर आकडे घेतले, कारण केवळ बाणांवर मुलांचा पूर्ण विश्वास बसत नाही. बैलजोडीचे वस्तुमान 900 किलोग्रॅम आणि उसासह गाडीचे 1500 किलोग्रॅम धरले. जमिनीने बैलांवर पुढे लावलेले बल 1500 न्यूटन आणि गाडीच्या चाकांना व आसाला होणारा एकूण रोध 900 न्यूटन मानला. बैल आणि गाडी मिळून एकच वस्तू समजली, तर जुवापाशी असलेली जोडी आतल्या आतच राहते आणि बाहेरचे निव्वळ बल 600 न्यूटन उरते. त्याला 2400 किलोग्रॅमने भागले, की त्वरण 0.25 मीटर प्रति वर्ग सेकंद येते. आता नुसती गाडी पाहू. तिला एवढे त्वरण देण्यासाठी 375 न्यूटन निव्वळ बल लागते, म्हणून बैलांनी जुवावर 375 अधिक 900, म्हणजे 1275 न्यूटन बल लावले पाहिजे. तिसऱ्या नियमानुसार जुवाने बैलांवरही 1275 न्यूटनच लावले. मग नुसते बैल पाहू : पुढे 1500, मागे 1275, उरले 225 न्यूटन, भागिले 900, पुन्हा 0.25. तिन्ही हिशेब एकाच उत्तरावर आले तेव्हा त्या विद्यार्थ्याने फळ्यावरच्या 1500 आणि 1275 या दोन आकड्यांभोवती एकच गोल काढला. त्याच्या मूळ प्रश्नाचे उत्तर तेवढेच होते. थांबलेला बैल पुढे निघतो, कारण जमीन त्याला जितके पुढे ढकलते त्यापेक्षा गाडी त्याला कमी मागे रेटते.

गाडी एकसमान वेगाने चालू लागल्यावर काय होते, हे मी मुलांवर सोडले. त्वरण शून्य झाले म्हणजे जुवापाशी 900 आणि 900, जमिनीपाशीही 900 आणि 900, असे त्यांनी काढले. गाडी निघताना असो वा चालताना, जोडी कधीच बिघडत नाही. बदलतो तो फक्त एकाच वस्तूवरील बलांचा मेळ.

नंतर

घटक चाचणीत बैलगाडीचा प्रश्न बहुतेकांनी नीट सोडवला. टेबलावरच्या पुस्तकाऐवजी छताला टांगलेला दिवा दिला, तेव्हा मात्र बरेच जण पुन्हा घसरले आणि दिव्याचे वजन व वायरमधील ताण ही क्रिया-प्रतिक्रियेची जोडी असल्याचे त्यांनी लिहिले. सरावातील वस्तू बदलली की समज हलते, याचा अर्थ ती अजून पूर्ण मुरलेली नाही. ज्यांनी उत्तरपत्रिकेत आधी ‘ने-वर’ची वाक्ये लिहिली होती, त्यांची उत्तरे बरोबर होती, ज्यांनी थेट बाण काढले, ते चुकले. म्हणून पुढील वर्षी तीच वाक्ये गुरुत्वाकर्षणाच्या धड्यातही लिहून घेण्याचे मी ठरवले आहे.

तो विद्यार्थी चाचणीनंतर एका मधल्या सुट्टीत वही घेऊन आला. कारखान्याच्या रस्त्यावर एक उतार आहे, तेथे भरलेली गाडी बैलांच्या अंगावर येते, जू वशिंडापासून सुटून शिंगांकडे सरकते आणि बैल खुरे पुढे रोवून पाठीमागे रेटा देत उतरतात, असे त्याने सांगितले. वहीत त्याने उताराची रेघ काढून तिच्यावर दोन जोड्या लिहिल्या होत्या : ‘जुवाने बैलांवर पुढे, बैलांनी जुवावर मागे’ आणि ‘बैलांनी जमिनीवर पुढे, जमिनीने बैलांवर मागे’. चारही बाण फळ्यावरच्या आकृतीच्या उलटे होते. उतारावर जमिनीचा आधार तिरका लागतो हे त्याने अद्याप शिकलेले नव्हते, पण त्या बाणाशेजारी त्याने पेन्सिलीने एक प्रश्नचिन्ह मात्र करून ठेवले होते.